काहिलीतल्या बाई

वाटणीत काहील मागून घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई. गोल, बुडाला सपाट, गुडघ्याएवढ्या कडेची, आणि उचलायला चार माणसं लागतील अशी. आमच्या भागातला ऊस कारखान्याला जायला लागला तशी गुऱ्हाळं मोडली आणि काहिली लिंबाखाली पालथ्या पडल्या. आमच्या शिवणाच्या बाईंच्या माहेरची काहीलही अशीच कोंबड्यांना सावली देत पडलेली होती. बाई लग्न होऊन कर्जतकडं कुठंतरी नांदायला गेल्या होत्या. तीन वर्षांनी एका दुपारी त्या परंड्याच्या एसटीतून उतरल्या, टपावरून शिवणयंत्र उतरवून घेतलं, ते हमालाला न देता दोन भावांच्या खांद्यावर दिलं आणि स्वतः पुढं चालत घरी आल्या. का परत आलात, हे विचारायची गावात कुणाची छाती झाली नाही. पुढं भावाभावांची वाटणी झाली तेव्हा थोरल्या भावानं पंचांसमोर लाजेकाजेस्तव त्यांना अर्धा एकर देऊ केला. बाई म्हणाल्या,

"जमीन दिली तर रोज बांधावर भांडाय यावं लागंल. मला ती काहील द्या. काहिलीला बांध नसतो."

पंचांना वाटलं, बाई गूळ करणार. बाईंनी काहील बैलगाडीत घालून तलावावर नेली, बुडाला डांबर फासलं आणि पाण्यात लोटली. ती तरंगली. मग त्या आत बसल्या, तरीही तरंगली. त्या दिवसापासून आमच्या गावात दोनच गोष्टी वेळेवर व्हायच्या, शाळेची घंटा आणि बाईंचं तलावावर जाणं. घंटा कधीकधी चुकायची.

हे सगळं मी जन्माला आल्यावरचं, पण अक्कल येण्याआधीचं. अक्कल यायला मला नाहीतरी उशीरच लागला. मी बाईंकडं शिवण शिकायला लागले तेव्हा अठरा वर्षांची होते, मॅट्रिकला गणितात आपटलेली, आणि स्वतःवर इतकी खूश की आरशाला कंटाळा यावा. मामानं बार्शीहून आणलेले लाल सँडल होते माझ्याकडं. टाचेला उंच, वर चकचकीत बक्कल. आमच्या गावच्या मुरमाच्या रस्त्यावर असले सँडल घालून चालणं म्हणजे कसरत, पण मी घरून बाईंकडं सरळ न जाता चावडीवरून वळसा घालून जायचे, सगळ्यांना टक टक ऐकू जावी म्हणून. आता गुडघे वाजतात आणि चपला गप्प असतात. तेव्हा उलटं होतं.

बाईंच्या पुढच्या खोलीत दोन पायमशिनी आणि आम्ही सहा पोरी. काज, हेम, अस्तर, उलटी टीप हे त्या शिकवायच्याच, पण खिडकीच्या कट्ट्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा, त्याला हात लावायला बंदी होती. डब्यात बाईंचे गळ होते.

गळ म्हणजे नुसता आकडा आणि त्यावर गांडूळ, हे बाईंना मान्यच नव्हतं. गांडूळ लावून कुणीही मासा धरील, त्यात गांडुळाची हुशारी, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे गळ खोटे असायचे, हातानं केलेले. ते पाण्यावर बेडकासारखे उड्या मारायचे नाहीतर जखमी माशासारखे लंगडत चालायचे, आणि त्यांना बघून मरळ फसायची. मरळ आमच्या तलावाची राणी. सापाच्या डोक्याची, काळी, तोंडभर दात, आणि स्वभावानं आमच्या चुलत आजीसारखी, कुणी अंगणात आलं की आधी अंगावर जायचं, मग कोण ते बघायचं.

प्रत्येक गळाला नाव होतं. मोडक्या स्टीलच्या चमच्याचा होता तो फौजदार, लांबूनच चमकायचा आणि त्यामुळं शहाणे मासे पळून जायचे. पाटलांच्या जुन्या फेट्याच्या जरीची शेपटी होती तो पाटील, संथ, पाण्यात उतरल्यावर हलायलाच तयार नसायचा. बकरीच्या केसांची होती ती सूनबाई, खाली मान घालून जायची आणि सगळ्यात जास्त मासे तिनंच आणले. सगळ्यात वरचा मान अंगुस्तानाचा. शिवताना बोटात सुई घुसू नये म्हणून घालतात ते पितळी टोपण. बाईंना शिवण ज्यांनी शिकवलं त्या म्हाताऱ्या शिंप्यानं स्वतःच्या बोटातलं काढून दिलेलं. बाईंनी त्याच्या बुडाला भोक पाडून मागं बाटलीचं बूच बसवलं होतं. ओढलं की अंगुस्तानाचं उघडं तोंड पाणी प्यायचं आणि पॉक, पॉक असा आवाज यायचा, अगदी डबक्यातल्या बेडकासारखा. अंगुस्तान कुणी वापरायचं नाही. बाईसुद्धा वर्षातून दोनचारदाच.

गळ कशाचाही होत नसे. त्याला बाईंचा एक नियम होता. नवी वस्तू चालायची नाही, आणि टाकून दिलेलीही नाही. जिची कुणाला मनापासून हौस होती आणि ती हौस आता फिटली, तीच वस्तू चालायची. "हौस फिटल्याबिगर वस्तू पाण्यात नाचत न्हाय," असं त्या सांगायच्या. पाटलांच्या फेट्याची जर त्यांनी पाटील सरपंचकीला पडल्यावर मागून आणली होती. मी आपली ऐकून मनात हसायचे. माझी कुठलीच हौस फिटणार नाही याची मला खात्री होती.

आज कुठला गळ न्यायचा, हे ठरवायची रीत तर जगावेगळी. सकाळी बाई चार-पाच गळ मशिनीच्या फळीवर ओळीनं मांडायच्या आणि रिकामी मशीन पायानं चालवायच्या. फळी थरथरायची, गळ थरथरत इकडं तिकडं सरकायचे, आणि जो आधी कडेला येईल तो त्या दिवशी पाण्यात जायचा. आम्ही पोरी पैज लावायचो. एकदा मी चोरून फळीखाली चिंधीची घडी घातली, सूनबाई पुढं यावी म्हणून. बाईंनी मशीन थांबवली, घडी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जिला जायचंय ती आपली आपण येती. ढकलून कुणाला धाडू नये." नांदायला न जाणाऱ्या, नांदून परत आलेल्या अशा बऱ्याच जणी त्या खोलीत होत्या. त्या दिवशी सगळ्यांच्या टिपा सरळ आल्या.

सोमवारी आणि एकादशीला बाई मासा धरत नसत, पण तलावावर जायच्याच. गळाचे आकडे काढून नुसतेच फेकायच्या, हात बसावा म्हणून. मरळ येऊन तोंड मारायची आणि तोंडाला काहीच लागत नाही म्हणून चिडून जायची. गाव म्हणायचं, ही बाई माशाचीही चेष्टा करते.

तलावात जाळं टाकणारे चार-पाच जण थर्मोकोलच्या तराफ्यावरून फिरायचे. त्यांना बाईंचा राग नव्हता, पण एका बाईमाणसानं मासे धरावेत याची लाज वाटायची. त्यातला एक जण एकदा काठावरून मोठ्यानं म्हणाला होता की बाईमाणसानं गळ टाकला की पाणी बाटतं. बाईंनी काहील वळवून त्याच्याजवळ आणली आणि शांतपणे म्हणाल्या, "पाण्याला इचार, आन मला येऊन सांग." मग पुढं कित्येक महिने तो दिसला की बाई लांबून विचारायच्या, काय म्हणालं पाणी. शेवटी त्यानं तलावाची दुसरी बाजू धरली.

धरलेला मासा बाई आधी मोजायच्या. गळ्यातला शिवणाचा टेप काढून उंची, घेर, शेपटीकडचा घेर, सगळं ब्लाउजच्या मापासारखं. मग बहुतेक मासे पाण्यात सोडून द्यायच्या. कुणाच्या घरी बाळंतीण असली, कुणी आजारी असलं तर तेवढा एक आणायच्या. आणि ही मापं गिऱ्हाइकांच्याच वहीत लिहायच्या, वेगळी वही कशाला म्हणून. या सवयीनं माझी एकदा फजिती झाली. बाई बाहेर गेल्या होत्या आणि मी हुशारी दाखवायला वहीतलं शेवटचं माप घेऊन कापड बेतलं. लिहिलं होतं, काळी, उंची सव्वीस, घेर चौदा, खाली सहा. मला वाटलं, शेजारची काळी म्हणून पोरगी आहे तिचा फ्रॉक असणार. खाली सहा जरा कमी वाटले, पण मुंबईकडं अशी फॅशन निघाली असेल असा मी विचार केला आणि दुपारभर बसून फ्रॉक शिवला, गळ्याला फ्रिल लावून. बाई आल्या. त्यांनी तो फ्रॉक उजेडात धरून बघितला, पुढून बघितला, मागून बघितला आणि म्हणाल्या, "टीप झकास आलीय. पर कालची मरळ म्या सोडून दिली, आता घालायचा कुणाला?"

तो फ्रॉक पुष्कळ दिवस भिंतीला खिळ्यावर टांगलेला होता. नवीन पोरगी आली की बाई तिला तो दाखवायच्या.

त्या फ्रॉकनंतरच बाईंनी मला काहिलीत घेतलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित शिवण बिघडल्यावर मी रडले नाही, हसले, म्हणून असेल. गोल काहील चालवणं हे लांब होडी चालवण्यासारखं नाही. एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरते, जात्यासारखी. वल्हं म्हणजे गुऱ्हाळातलंच, रस ढवळायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. ते पुढं टाकून पाणी आपल्याकडं ओढायचं असतं, मनगट जरा इकडं, जरा तिकडं. पहिल्या दिवशी मी इतक्या गिरक्या घेतल्या की काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं. बाई माझ्यासमोर बसून शांतपणे फिरत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझं ध्यान पाण्याकडं न्हाय, बायकांकडं हाय. म्हणून फिरतीयास." खरं होतं. मी वल्हं मारताना हाताचा बाक कसा दिसत असेल ते बघत होते.

काहिलीत बसायचीही एक रीत असते. एकटं माणूस असलं तर मधोमध बसायचं. दोघं असली तर समोरासमोर, दोन कडांना, म्हणजे तोल राहतो. बाई वर्षानुवर्षं मधोमध बसत आल्या होत्या. माझ्यासाठी त्या कडेला सरकल्या, याचा मला केवढा अभिमान झाला. तो मी गावभर वाटला. पोरींना सांगितलं, आईला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं.

पाण्यावर बाई फार बोलत नसत. पण एक गोष्ट त्यांनी मला काहिलीतच सांगितली. पाऊस सुरू झाल्यावर एके दिवशी बुडालेल्या बाभळींच्या खुंटांजवळ पाण्यावर लाल ढग दिसला. कुणाच्या हातून कुंकवाचा करंडा सांडावा तसा, आणि तो हळूहळू सरकत होता. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, बोटाच्या पेराएवढी. खाली काळ्या सावल्या होत्या, मादी आणि नर दोघंही राखणीला. मी म्हटलं, बाई, टाका की गळ, इथं तर हमखास लागेल. बाईंनी उलट गळ गुंडाळून डब्यात ठेवला.

"हमखास लागंल. पिल्लांवरली मरळ भुकंनं तोंड मारत न्हाय, रागानं मारती. रागावलेल्याला फसवण्यात कसली आलीय हुशारी?"

मी मान डोलावली. मान डोलवायला मला तेव्हा काही लागत नसे.

आठ-दहा दिवसांनी परंड्याचा मामा आला, तोच लाल सँडलवाला. भूमच्या बाजाराचा दिवस होता. बाई दोरे आणि अस्तराचं कापड आणायला सकाळच्या एसटीनं भूमला गेल्या होत्या आणि खोलीची किल्ली माझ्याकडं होती. मामा अंगणात बाजेवर बसून चहा पीत होता. त्यानं सहज विचारलं, "त्या बाईसंगं तलावात हिंडतीस म्हणं. मासळी लागती का नुसती हवाच खाती?" आई हसली. शेजारीण हसली. मला एवढंच पुरेसं होतं. मी म्हटलं, मसाला वाटून ठेवा, दुपारी मासळी आणते.

मी किल्ली लावून खोली उघडली आणि डबा उघडला. मशीन चालवून कुणाला जायचंय ते विचारलं नाही. सरळ अंगुस्तान उचललं.

काहिलीत मी एकटी, मधोमध. सँडल घातलेलेच होते. तासभर इकडं तिकडं अंगुस्तान फेकलं, पॉक पॉक केलं, काही लागलं नाही. ऊन चढलं. मामाचा चेहरा डोळ्यांपुढं यायला लागला. आणि बाभळींच्या खुंटांजवळ तो लाल ढग दिसला.

मला बाईंचं बोलणं आठवलं नाही असं मी सांगत नाही. आठवलं. मी ते बाजूला ठेवलं, जसं गणिताचं पुस्तक ठेवायचे. अंगुस्तान ढगाच्या मधोमध पडलं. दुसऱ्या ओढीला पाणी फुटलं आणि तंगूस, म्हणजे आमच्याकडचा गळाचा नायलॉनचा दोरा, हात कापत सुटला. काहील गिरक्या घ्यायला लागली. मी खाली बसले, सँडलमध्ये पाणी शिरलं, मी आईच्या नावानं ओरडले. पुढं मी सगळ्यांना सांगितलं की मी मरळ ओढून काढली. खरं असं की मरळ दमली, आणि मी भीतीनं दोरा सोडायचा विसरले.

मरळ पाण्याबाहेरही लवकर मरत नाही, ओल्या पोत्यात ठेवली की तासन् तास जगते. मी ती घमेल्यात पोत्यानं झाकून डोक्यावर घेतली आणि घरी निघाले. चावडीवरून. मग देवळावरून. मग शाळेवरून, जी आमच्या घराच्या उलट दिशेला आहे. प्रत्येक ठिकाणी पोतं वर करून दाखवलं. पाटलांनी विचारलं, बाई कुठंयत, तर म्हटलं, बाईंचं काय काम, मी एकटीनं धरली. घरी मामानं मांडीवर थाप मारली, आईचा मसाला वाटून झालेला होता, आणि माझ्या आयुष्यात एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. पुढंही झालं नाही, पण ते वेगळं.

दुपारच्या एसटीनं बाई उतरल्या. थांब्यावरच त्यांना कुणीतरी बातमी दिली असणार, कारण त्या हातातल्या पिशवीसकट तशाच आमच्या अंगणात आल्या. बाईंनी पिशवी खाली ठेवली, गळ्यातला टेप काढला, पोतं बाजूला केलं आणि मोजायला लागल्या. उंची. घेर. मग दुसऱ्यांदा घेर मोजला आणि पोटावर हात ठेवला. पिल्लं राखणारी मरळ खायचं विसरलेली असते. तिचं पोट खपाटीला गेलेलं असतं.

"कुठं लागली?" त्यांनी विचारलं.

"भिंतीकडं," मी म्हटलं. तलावाच्या भिंतीकडं, म्हणजे खुंटांपासून पार लांब.

"व्हय का."

त्यांनी टेप गुंडाळला. अंगुस्तान मागितलं, मी दिलं. आकडा-दोरा सोडवून, पदरानं पुसून त्यांनी ते बोटात घातलं आणि मामाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात मला म्हणाल्या,

"मासळी तुझी हाय, म्या न्यायची न्हाय. काहील तशीच सोडून आलीस म्हणं, ती साखळीला बांधाय चालले. एकदा बांधली की तुझ्यासाठी न्हाय सोडायची."

आणि पिशवी तिथंच ठेवून त्या गेल्या. ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते, उलट बोलण्यात मी पटाईत होते. त्या ओरडल्या नाहीत. मसाल्याचा वास येत होता. मामा पाय हलवत बसला होता. पोत्याखाली मरळीचा कल्ला उघडत होता, मिटत होता. आणि मला एकदम असं दिसलं की उद्यापासून मी चावडीवरून टक टक करत जाणार, सगळे माझी वाहवा करणार, आणि तलावात बाई मधोमध बसलेल्या असणार.

मी म्हटलं, "मामा, ही म्या फसवून धरली. पिल्लांवरली हाय."

मामा म्हणाला, "मंग मासळी काय सांगून धरत्यात व्हय?"

सगळे हसले. मी घमेलं उचललं. आईनं विचारलं, मसाल्याचं काय करू. मी म्हटलं, वांग्यात घाल. मामानं मागून हाक मारली की पोरी, तुझ्या पाया पडतो, आधी खाली ठेव ते. मी पळत सुटले. या खेपेला सरळ रस्त्यानं. ओले सँडल घसरायला लागले तेव्हा एक म्हसोबाच्या ओट्याजवळ टाकला आणि दुसरा ओढ्यापाशी. अनवाणी पायांना मुरूम टोचत होता आणि वाटेत ज्यांना ज्यांना मी पोतं वर करून दाखवलं होतं ते सगळे आता मला उलट्या दिशेला पळताना बघत होते.

तलावावर पोचले तेव्हा साखळी काठावर पडलेली होती. बाई काहिलीत बसल्या होत्या, आणि काहील एका बाजूला कललेली होती. त्या मधोमध बसलेल्या नव्हत्या. कडेला बसल्या होत्या. समोरची कड रिकामी होती.

मी घमेलं आत ठेवलं आणि बसले. बाईंनी वल्हं माझ्या हातात दिलं.

"कुठं जायचं?" त्यांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नाही.

"खुंटांकडं," मी म्हटलं. "म्या खोटं बोलले."

"वल्हव."

खुंटांजवळ ढग होता, पण सकाळच्या निम्मा राहिलेला, आणि फाटलेला. एका खुंटावर खंड्या बसला होता. आमच्यादेखत त्यानं सूर मारला आणि चोचीत एक लाल ठिपका घेऊन वर आला. खाली नर एकटाच वेड्यासारखा फेऱ्या मारत होता, या कडेला आला की त्या कडेचं राखायला कुणी नाही. मी पोतं काढलं आणि मरळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. ती कुशीवर पडली. हललीच नाही. मला वाटलं, मेली. बाईंनी वाकून तिच्या पोटाखाली हात घातला, उताणं झालेलं बाळ सरळ करावं तसं तिला सरळ केलं आणि तशीच धरून ठेवली. किती वेळ, मला माहीत नाही. मग तिची शेपटी बाईंच्या मनगटाला लागली आणि हात रिकामा झाला.

आम्ही दोघी बघत होतो. फाटलेला ढग आधी आणखी पांगला. मग हळूहळू गोळा झाला, आणि त्याच्याखालचं पाणी काळं झालं. खंड्यानं पुन्हा सूर मारला, तर खालून पाणी असं उसळलं की तो तसाच वर फिरला आणि दुसऱ्या खुंटावर जाऊन बसला. थोडा वेळ त्यानं वाट बघितली आणि उडून गेला.

बाईंनी हात पदराला पुसला. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या म्हणाल्या,

"आज वल्हं सरळ मारलंस."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. काठापासून खुंटांपर्यंत काहील एकदाही फिरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सँडल शोधून आणले. एकाचं बक्कल गेलं होतं, दुसरा कुत्र्यानं चघळला होता. बाईंनी बघितलं आणि एवढंच विचारलं, हौस फिटली का. मी म्हटलं, फिटली. त्यांनी कात्री पुढं केली. टाचेच्या लाल रबराचा मी एक बेडूक कापला, वाकडा, एक पाय लांब एक आखूड, आणि बक्कल त्याच्या पोटाला लावलं. मशिनीच्या फळीवर तो सूनबाई आणि फौजदाराच्या मध्ये ठेवला. बाईंनी मशीन चालवली. मी फळीला हात लावला नाही. माझा बेडूक आपल्या वाकड्या पायानं थरथरत, गोल फिरत, सगळ्यांच्या आधी कडेला आला. माझाच, गोल फिरणारच. त्याच महिन्यात त्याला एक मरळ लागली, उंची एकवीस, घेर अकरा. मोजली आणि सोडली.

परवा पुण्याची नात आली होती. तिनं ऑनलाइन मागवलेले गळ दाखवले. जपानी आहेत म्हणे, डोळे खरे वाटावेत असे, आणि प्रत्येकाची वेगळी डबी. आजी, तुला यातलं काय कळणार, असं ती प्रेमानंच म्हणाली. मी उठले आणि माझा बेडूक आणून तिच्या जपान्यांच्या शेजारी ठेवला. रबराचा लाल रंग आता विटकरी झालाय, पण पाठीवर दातांच्या खुणा आहेत, सोळा. मोजून दाखवल्या. तिच्या एकाही गळावर एक दात नव्हता. त्या बाईंची मी विद्यार्थिनी, हे मी कुठंही सांगते. लग्नपत्रिकेत तशी सोय असती तर नावाखाली छापून घेतलं असतं.

लग्नात बाईंनी बूच आणि आकडा काढून मला अंगुस्तान दिलं. गोधड्या शिवताना मी तेच घालते. बुडाला तंगूस ओवायचं भोक आहे, आणि सुई बरोबर तिथंच घुसते. सून म्हणते, नवीन घ्या. मी म्हणते, याची हौस अजून फिटली नाही.

माहेरी गेले की बाई मला तलावावर न्यायच्या, माझी पोरं झाली, केस पांढरे झाले तरी. शेवटची काही वर्षं वल्हं मीच मारायचे. त्या गेल्या तेव्हा मी तेराव्याला गेले होते. जेवणं झाल्यावर सगळे बसले होते, मी उठून तलावावर गेले. काहील साखळीला बांधलेली होती. साखळीला कुलूप कधीच नव्हतं. मी सोडली आणि सवयीनं माझ्या कडेला बसले. काहील माझ्या बाजूला कलली, पार पाणी कडेशी आलं. काठावरून बाईंचा थोरला भाऊ, आता काठीवर चालणारा, माझ्या मागोमाग आलेला, ओरडला, "अगं, मधी बस, पालथी व्हशील."

मी सरकले नाही. वल्हं पुढं टाकलं आणि पाणी आपल्याकडं ओढलं. कललेली काहील चालवणं लई अवघड असतं, पण मला शिकवलं कुणी होतं. खुंटांपर्यंत सरळ गेले.